प्रिंट विंडोजवर झपाट्यानं आणि लिनक्सवर रखडत का निघते?

दिग्रस तालुक्यातल्या एका गावात सेवा केंद्र चालवणाऱ्या ताईंनी विचारलं आहे, ते थोडक्यात असं. केंद्रात दोन संगणक आहेत. एकावर विंडोज १०. दुसरा जुना, २ जीबी रॅमचा, त्यावर भाच्यानं लिनक्स मिंट टाकून दिलं. प्रिंटर एकच, एचपी लेझरजेट १०२०, आणि केबल गरजेप्रमाणे इकडून तिकडे लावतात. विंडोजवरून सातबारा दिला की लगेच निघतो, लिनक्सवरून दिला की लोक ताटकळतात. त्यातून, ताईंच्याच शब्दांत, "लाईन जाऊन आली का लिनक्सवर प्रिंटर मुकाच राह्यते." मग लिनक्स काढून टाकावं का, छपाईला कोणती सिस्टीम वेगवान, आणि नवा प्रिंटर घ्यायचा तर कोणता, असे तीन प्रश्न आहेत.

ताई, मी दारव्हा-दिग्रस-आर्णी या पट्ट्यात वीस वर्षांपासून प्रिंटर दुरुस्त करतो. सेवा केंद्रं, शाळा, ग्रामपंचायती, कृषी केंद्रं, सगळीकडे हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकला आहे. म्हणून जरा ऐसपैस लिहितो. लिनक्स काढायची घाई करू नका. तुमची अडचण सुटण्यासारखी आहे आणि त्यातला निम्मा भाग फुकटात सुटेल.

आधी मूळ गोष्ट. १०२० चं इंजिन ए४ ची मिनिटाला १४ पानं काढतं. कागद उचलणं, ड्रमखालून नेणं, फ्युजरमध्ये टोनर भाजणं, हे काम विंडोज असो, लिनक्स असो, मॅक असो, त्याच गतीनं होतं. मोटरला संगणकात कोणती सिस्टीम आहे याचा पत्ताच नसतो. फरक पडतो तो कागद उचलण्याच्या आधी. तुम्ही बटण दाबल्यापासून रोलर 'खट्ट' करून कागद ओढेपर्यंत जो वेळ जातो, तिथे सगळी गंमत आहे.

ती समजायला शेतातलं उदाहरण देतो. जाणता सालदार असला की त्याला सकाळी एवढंच सांगावं लागतं, "बांधापासून पराटी डवरून घे." कुठून वळायचं, किती तास (म्हणजे पिकाच्या ओळी) घ्यायचे, ते त्याचं तो पाहतो. नवशिक्या पोराला मात्र एकेक तास दाखवावा लागतो, मालकाला दिवसभर धुऱ्यावर उभं राहावं लागतं. प्रिंटरचंही तसंच आहे. काही प्रिंटर जाणते असतात. त्यांना संगणक सांगतो, 'इथे या आकाराचं हे अक्षर, तिथे एक रेघ,' आणि पानाचं चित्र प्रिंटर स्वतः तयार करतो. असं सांगायच्या भाषा ठरलेल्या आहेत. एचपीची पीसीएल आणि अडोबीची पोस्टस्क्रिप्ट या दोन्ही १९८४ च्या सुमाराच्या, आणि आता पुष्कळ प्रिंटर थेट पीडीएफही समजतात. ही भाषा येणारा प्रिंटर कोणत्याही सिस्टीमला लावा, काम करतो.

दुसऱ्या जातीच्या प्रिंटरला स्वतःची बुद्धी जवळजवळ नसते. अख्ख्या पानाचे काळे-पांढरे ठिपके संगणकानं मोजून, दाबून, त्याच्या हातात द्यायचे. याला होस्ट-बेस्ड किंवा जीडीआय प्रिंटर म्हणतात. आपल्या भागात टेबलाटेबलावर दिसणारे दोन्ही प्रिंटर, एचपी १०२० आणि कॅनन एलबीपी २९००, याच जातीचे. दोन्हींत मेमरी फक्त २ एमबी. १२ए चं रिफिल केलेलं कार्ट्रिज दोन्हीत चालतं, म्हणून दुकानदारांचे लाडके. पण भाषा प्रत्येकाची खासगी. १०२० झेडजेस्ट्रीम नावाची भाषा बोलतो, २९०० कॅप्ट नावाची. ही भाषा बोलणारा ड्रायव्हर, म्हणजे संगणकातला दुभाषा कार्यक्रम, ज्या सिस्टीमवर नीट मिळतो, तिथे प्रिंटर पळतो. जिथे मिळत नाही किंवा अर्धवट मिळतो, तिथे अडतो.

आता हिशोब मांडू. ए४ पान ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरले तर, आडवे ४९६० ठिपके आणि उभे ७०१६. गुणाकार केला की जवळपास ३ कोटी ४८ लाख ठिपके. एकेका ठिपक्याला फक्त काळा की पांढरा एवढंच सांगायचं तरी ४ एमबीच्या वर मजकूर होतो. प्रिंटरची मेमरी २ एमबी. म्हणजे अख्खं पान त्याच्या पोटात मावतच नाही, संगणकानं ते दाबून लहान करून द्यावंच लागतं. हे झालं शुद्ध काळ्या-पांढऱ्याचं. मधल्या टप्प्यात संगणकानं तेच पान राखाडी छटांमध्ये तयार केलं तर ३५ एमबी, रंगीत तयार केलं तर १०४ एमबी. एका पानाचे! तुमच्या जुन्या संगणकात रॅम २ जीबी, त्यातली निम्मी ब्राउझरनं खाल्लेली. मग तो हे १०४ एमबी हार्डडिस्कवर टाकत आणि उचलत बसतो, आणि बाहेर बाकावर बसलेला माणूस विचारतो, "झालं का ताई?"

एक प्रयोग सांगतो, तो आजच करा. एका पानाचा एकच सातबारा घ्या. मोबाइलवरचं घड्याळ लावा. पहिली वेळ नोंदवा बटण दाबल्यापासून प्रिंटरचा हिरवा दिवा लुकलुकेपर्यंतची. दुसरी, दिवा लुकलुकल्यापासून कागद उचलेपर्यंतची. तिसरी, कागद उचलल्यापासून बाहेर पडेपर्यंतची. दोन्ही संगणकांवर करा. तिसरी वेळ दोन्हीकडे सारखीच येईल. दुसरी वाढलेली असेल तर केबल, पोर्ट किंवा प्रिंटरचं तापणं पाहायचं. पहिली वाढलेली असेल तर दोष संगणकाच्या तयारीत आहे, प्रिंटर निर्दोष. मागे जुलैच्या शेवटी पीक विम्याच्या गर्दीत एका केंद्रावर मी असाच घड्याळ घेऊन उभा राहिलो होतो. केंद्रवाल्या भाऊंचं ठाम मत की प्रिंटर म्हातारा झाला, नवा घ्यावा. कागद उचलल्यावर पान वेळेवर बाहेर येत होतं. त्याआधी मात्र दिवा किती तरी वेळ गप्प. प्रिंटरला हातही लावला नाही. संगणकात एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, टाकली, ४ जीबी रॅम वाढवली, आणि त्यांची रांग सरकायला लागली. नव्या प्रिंटरपेक्षा हे स्वस्तात पडलं.

तुमच्या लिनक्स संगणकावर पहिलीच वेळ वाढलेली दिसेल असा माझा अंदाज आहे. त्यावर क्रमानं काय करायचं ते सांगतो.

ब्राउझरमध्ये उघडलेल्या पीडीएफवर थेट प्रिंटचं बटण दाबू नका. ब्राउझर पुष्कळदा पान नव्यानं रचून पाठवतो आणि फाईल विनाकारण फुगते. आधी डाउनलोड करा, मग मिंटमध्ये जो साधा डॉक्युमेंट व्ह्यूअर असतो त्यातून प्रिंट द्या. एवढ्यानंच कित्येकदा चांगला फरक पडलेला मी पाहिला आहे. नंतर प्रिंटरच्या सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन ६०० बाय ६०० आहे का ते बघा. १२०० बाय ६०० असेल तर ठिपके दुप्पट होतात, सातबाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. रंग 'ग्रेस्केल' किंवा 'मोनोक्रोम' ठेवा, म्हणजे संगणक रंगीत पान बनवण्याच्या फंदात पडणार नाही. फक्त वाचायचे कागद असतील तर ३०० डीपीआयही चालतो, ठिपके चौथ्या हिश्श्यावर येतात. पण ज्यावर क्यूआर कोड आहे तो कागद ६०० वरच काढा. बारीक चौकोन एकमेकांत मिसळले की कोड स्कॅन होत नाही, आणि शेतकऱ्याला परत चक्कर पडते.

आता 'मुका राहतो' याचं कारण, आणि हे मला जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण आपल्याकडे लाईन दिवसातून चार वेळा जाते आणि या एका गोष्टीपायी चांगले प्रिंटर लोकांनी माळ्यावर टाकलेले मी पाहिले आहेत. १०२० च्या आत त्याचा स्वतःचा कार्यक्रम, म्हणजे फर्मवेअर, कायमचा साठवलेला नसतो. बंद होऊन चालू झाला की तो कोरा असतो. संगणकानं दर वेळी ते फर्मवेअर त्याच्यात ओतायचं, मग तो बोलू लागतो. विंडोजवर एचपीचा ड्रायव्हर हे गुपचूप करतो, आपल्याला कळतही नाही. लिनक्सवर हेच काम एचपीलिप नावाचा संच करतो, पण त्याला फर्मवेअरसाठी एक वेगळं प्लगइन लागतं. ते सिस्टीमसोबत येत नाही, इंटरनेटवरून उतरवून घ्यावं लागतं. आणि एक अट आहे. प्लगइनची आवृत्ती आणि एचपीलिपची आवृत्ती तंतोतंत एक हवी. मिंटचं अपडेट झालं, एचपीलिप पुढे गेलं, प्लगइन जुनंच राहिलं, की प्रिंटर मुका. काल चालत होता, आज नाही, आणि मधे काय झालं ते कुणालाच आठवत नाही.

उपाय असा. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून एचपी-प्लगइन (hp-plugin) ही आज्ञा द्या, तो स्वतःच योग्य आवृत्ती उतरवून घेईल. नेट चांगलं असेल तेव्हा करा. मग प्रिंटर बंद करून चालू करा आणि दहा-पंधरा सेकंद थांबा. आतून कुरकुर असा मोटर फिरल्याचा आवाज आला की फर्मवेअर पोहोचलं असं समजा. आणखी एक तपासा. फू-टू-झेडजेएस नावाचा दुसरा मोफत ड्रायव्हरही याच प्रिंटरसाठी मिळतो आणि तोही चांगला आहे. पण दोन्ही एकाच वेळी टाकलेले असले की लाईन आल्यावर दोघेही प्रिंटरकडे धावतात आणि गोंधळ होतो. एक ठेवा, दुसरा काढा. तुमच्या भाच्यानं बहुधा दोन्ही टाकले असतील, पोरं इंटरनेटवर जे जे दिसेल ते टाकून पाहतात, त्यात त्याची चूक नाही.

कॅनन २९०० असलेल्यांसाठीही सांगून ठेवतो, कारण हे वाचणाऱ्यांत ते जास्त असतील. कॅननचा लिनक्ससाठी कॅप्ट ड्रायव्हर आहे, पण त्याचे काही भाग ३२ बिटचे आहेत, म्हणून ६४ बिट सिस्टीमवर ३२ बिटच्या लायब्ररी आधी टाकाव्या लागतात. शिवाय सीसीपीडी नावाची एक सेवा मागे सतत चालू राहावी लागते, आणि प्रिंटर बंद-चालू झाल्यावर तिला पुष्कळदा नव्यानं सुरू करावं लागतं. जमतं, पण जाणकार हाताशी हवा. केंद्रात एक विंडोज संगणक असेलच तर २९०० त्यालाच लावून ठेवा. लिनक्सवर पीडीएफ तयार करून ती एका सामायिक फोल्डरमध्ये टाका आणि विंडोजवरून छापा. प्रिंटर नुसता शेअर करून भागत नाही, कारण शेअर केला तरी लिनक्सकडे कॅप्ट बोलणारा ड्रायव्हर लागतोच. फोल्डरचा मार्ग दिसायला ओबडधोबड आहे, पण खरीप हंगामाच्या गर्दीत तोच टिकतो.

विंडोज आपोआप वेगवान असतं असंही समजू नका. तिथेही वेळ खाणाऱ्या जागा आहेत. प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये अॅडव्हान्स्ड टॅबवर दोन पर्याय असतात, एक 'शेवटचं पान स्पूल झाल्यावर (म्हणजे तयार होऊन रांगेत लागल्यावर) छपाई सुरू करा' आणि दुसरा 'लगेच सुरू करा'. पहिल्यावर खूण असेल तर ४० पानांचा ठराव पूर्ण तयार होईपर्यंत प्रिंटर हात बांधून बसतो. दुसरा निवडा. अडोबी रीडरच्या प्रिंटच्या चौकटीत अॅडव्हान्स्डमध्ये 'प्रिंट अॅज इमेज' अशी खूण असते. मराठी अक्षरं फुटत होती तेव्हा कुणीतरी ती लावून दिलेली असते आणि मग वर्षानुवर्षं तशीच राहते. ती असली की प्रत्येक पानाचा फोटो होऊन जातो आणि वेळ वाढतो. गरज असेल त्या फाईलपुरती लावा, बाकी वेळी काढा. आणि एखादी प्रिंट अडकून पुढच्या सगळ्या रखडल्या तर संगणक बंद-चालू करत बसू नका. सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर थांबवा, विंडोजच्या सिस्टीम३२ फोल्डरमधल्या स्पूलच्या आत प्रिंटर्स हे फोल्डर रिकामं करा, स्पूलर परत सुरू करा. एका मिनिटाचं काम आहे.

मराठी अक्षरांचा विषय निघालाच आहे तर तो प्रिंटरपासून वेगळा करून ठेवू, कारण दहातल्या तीन तक्रारी खरं तर फॉन्टच्या असतात. ग्रामपंचायतीतले जुने नमुने कृतिदेवमध्ये किंवा श्रीलिपीत टाइप केलेले. ते लिनक्सवर उघडले की इंग्रजी अक्षरांचा पसारा दिसतो, कारण त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेलं असतं आणि फॉन्ट नसला की मूळ इंग्रजी उघडं पडतं. युनिकोडमधला मंगल फॉन्ट विंडोजचा आहे, लिनक्सवर त्याच्या जागी लोहित किंवा नोटो येतो. अक्षरं बरोबर दिसतात, पण रुंदी बदलते आणि एका पानाचा दाखला सव्वा पानाचा होतो. प्रिंटर काय करणार? ज्या संगणकावर कागद तयार केला तिथेच त्याची पीडीएफ करा, फॉन्ट आत बसून जातो, मग ती कुठूनही छापा. आणि मोठ्या पीसीएल प्रिंटरवर मराठीच्या जागी चौकोन येत असतील तर ड्रायव्हरमध्ये ट्रूटाइप फॉन्ट बिटमॅप म्हणून पाठवण्याचा पर्याय शोधा. मजकूर ग्राफिक्स म्हणून जातो, पाव-अर्धा सेकंद जास्त लागतो, अक्षरं मात्र शाबूत राहतात.

हेच भाषेचं गणित जिनिंगवर आणि बाजार समितीत फार स्पष्ट दिसतं. तिथे काटापट्टी डॉट मॅट्रिक्सवर निघते, कारण कार्बन प्रत हवी असते. एप्सन एलएक्स-३१० सारखा ९ पिनांचा प्रिंटर साध्या टेक्स्टमध्ये सेकंदाला ३५० च्या आसपास अक्षरं मारतो. इंग्रजी आकडे आणि नावं पाठवली की कर्रर करून पट्टी बाहेर. तीच पट्टी कुणी देवनागरीत करून घेतली की प्रिंटर प्रत्येक ओळ चित्र म्हणून काढतो, डोकं एकाच ओळीवरून परत परत फिरतं, आणि बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग वाढते. शेतकऱ्याला पट्टी मराठीत मिळालीच पाहिजे, तो त्याचा कागद आहे, यात मला शंका नाही. त्यासाठी सुचवतो की छापील मराठी मथळ्यांची सलग स्टेशनरी करून घ्या आणि वजन, भाव, रक्कम एवढे आकडेच प्रिंटरनं टेक्स्टमध्ये मारावेत. डॉट मॅट्रिक्स विंडोजवर 'जेनेरिक टेक्स्ट ओन्ली' ड्रायव्हरनं आणि लिनक्सवर ईएससी/पी भाषेनं चालतो. तीस वर्षांपूर्वीच्या डॉसवरही चालायचा आणि आजही चालतो.

मॅकबद्दल फार लिहीत नाही, आपल्याकडे ते फोटो स्टुडिओतच दिसतात. एवढं लक्षात ठेवा की मॅक आणि लिनक्स या दोन्हींमध्ये छपाईची यंत्रणा एकच आहे, कप्स. मायकेल स्वीट यांनी लिहिलेली ही यंत्रणा १९९९ मध्ये आली आणि अॅपलनं २००२ मध्ये ती मॅकमध्ये घेतली. २०१९ च्या कॅटालिनापासून मॅकनं ३२ बिटचे कार्यक्रम चालवणं बंद केलं, त्यात पुष्कळ जुने प्रिंटर ड्रायव्हर गेले.

आता खरेदी. दुकानात गेलात की पहिला आकडा दाखवतात तो मिनिटाला किती पानं. त्यावर भुलू नका. एप्सन एल३११० च्या माहितीपत्रकात काळ्या छपाईला ३३ पानं लिहिलेली असतात, ती ड्राफ्टची. आयएसओच्या पद्धतीनं मोजलं की तोच प्रिंटर मिनिटाला १० पानं काढतो. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त मोजायची रीत वेगळी. आणि तुमच्या कामाला दोन्ही फारसे लागू नाहीत. तुमच्याकडे एक माणूस येतो, एक सातबारा, एक आठ-अ, झालं. दोन पानांच्या कामात मिनिटाला १४ आणि मिनिटाला ३० यांत चार-पाच सेकंदांचा फरक. तुम्ही विचारायचं ते 'पहिलं पान किती सेकंदांत' आणि 'झोपेतून उठायला किती वेळ'. १०२० पहिलं पान दहा सेकंदांच्या आत देतो, म्हणून तर इतका जुना असून तो टिकला आहे. शाळेत प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे काढायचे असतील तेव्हा मात्र मिनिटाची पानं बघा, आणि दोन्ही बाजूंनी छापताना वेग बराच कमी होतो हे धरून चाला.

दुसरी गोष्ट, खोक्यावर एअरप्रिंट, मोप्रिया किंवा आयपीपी एव्हरीव्हेअर यांपैकी एक नाव आहे का ते वाचा. याला मी सगळ्यात जास्त वजन देतो. एअरप्रिंट अॅपलनं २०१० मध्ये आणलं. मोप्रिया ही संघटना २०१३ मध्ये कॅनन, एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्स यांनी मिळून काढली. अशा प्रिंटरला कंपनीचा खास ड्रायव्हर लागत नाही. विंडोज, लिनक्स, मॅक, अँड्रॉइड, सगळे त्याच्याशी आयपीपी या एकाच रीतीनं बोलतात. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं की कंपन्यांचे वेगळे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणं टप्प्याटप्प्यानं थांबवणार. कप्सवालेही तेच सांगत आले आहेत की पुढच्या काळात जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर राहणार नाहीत. म्हणजे दोन्ही बाजूंच्या वाटा एकाच पांदणीला येऊन मिळतात. विंडोज ११ च्या २४एच२ मध्ये 'प्रोटेक्टेड प्रिंट मोड' नावाची सोय आली आहे, ती चालू केली की फक्त मोप्रिया प्रमाणित प्रिंटर चालतात, १०२० आणि २९०० सारखे गळतात. ती आपोआप चालू नसते, पण कुणी चुकून चालू केली तर घाबरू नका, बंद करता येते.

याचा अर्थ तुमचा १०२० उद्या बंद पडेल असा नाही. बसवलेला ड्रायव्हर चालत राहतो. पण विंडोज १० चा सामान्य आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, कधीतरी तुम्ही ११ वर जाल, तेव्हा ड्रायव्हर शोधायची वेळ येईल. म्हणून आत्ताच कंपनीच्या साइटवरून ६४ बिटचा ड्रायव्हर उतरवून एका पेनड्राइव्हवर ठेवा आणि तो पेनड्राइव्ह सिनेमे भरायला कुणाला देऊ नका.

एक चूक माझ्या हातून झाली ती सांगतो, म्हणजे तुमच्याकडून होणार नाही. एका शाळेतले दहा संगणक व्हायरसनं हैराण होते. मी सगळ्यांवर लिनक्स टाकून दिलं. संगणक खरोखर पळायला लागले, मास्तर खूश. परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी फोन आला, प्रश्नपत्रिका निघत नाहीत. प्रिंटर एका नावाजलेल्या कंपनीचा, पण त्या मॉडेलला लिनक्स ड्रायव्हर नव्हताच, आणि मी आधी पाहिलं नव्हतं. रात्री माझा लॅपटॉप तिथे नेऊन प्रश्नपत्रिका काढून दिल्या, तेव्हा कुठे सकाळचा पेपर वेळेवर झाला. तेव्हापासून कुठल्याही संगणकाची सिस्टीम बदलायच्या आधी मी मिंट पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून पाहतो, काहीही न टाकता, आणि त्यातूनच एक पान छापतो. पान निघालं तरच पुढचं काम.

नवा प्रिंटर घेतलात तर तो यूएसबीपेक्षा वायफायवर किंवा लॅन केबलनं राउटरला जोडा, म्हणजे दोन्ही संगणकांमध्ये केबल फिरवायची कटकट संपेल. राउटरमध्ये त्याला कायमचा आयपी पत्ता द्या. लाईन जाऊन आली की पत्ता बदलतो आणि विंडोज 'ऑफलाइन' म्हणत राहतं, त्याचं मूळ बहुतेक वेळा हेच असतं. विंडोजवर जोडताना डब्ल्यूएसडी पोर्ट आपोआप घेतला जातो, त्याऐवजी स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट निवडून तो पत्ता टाका. गावातली पोरं व्हॉट्सअॅपवर पीडीएफ घेऊन येतात, त्यांना मग तुमच्या वायफायवर मोबाइलमधूनच थेट छापता येईल. मात्र हे वायफाय आणि केंद्राच्या कामाचं वायफाय वेगळं ठेवता आलं तर ठेवा, तुमच्या संगणकात लोकांचे आधार आणि बँकेचे कागद असतात.

लेझर की इंकटँक, हे तुमच्या लाईनवर ठरवा. लेझरचा फ्युजर तापताना शेकडो वॅट एकदम ओढतो, घरगुती इन्व्हर्टर तिथे कुईकुई करून बंद पडतो. इंकटँक दहा-पंधरा वॅटमध्ये चालतो, इन्व्हर्टरवर दिवसभर. ज्या गावात दुपारभर लाईन नसते तिथे मिनिटाला १० पानं काढणारा इंकटँक हा बंद पडलेल्या लेझरपेक्षा वेगवानच म्हणायचा. उलट महिन्याला हजारो पानं असतील आणि लाईन बरी असेल तर लेझर घ्या, सातबाऱ्यावर पावसाचे दोन थेंब पडले तरी शाई पसरत नाही. श्रावणात कागदाचं रिम उघडं ठेवू नका, ओल धरलेला कागद अडकतो आणि टोनर नीट बसत नाही. मग लोक ड्रायव्हरमध्ये 'जाड कागद' निवडतात, आणि त्यानं इंजिन मुद्दाम हळू चालतं. त्यापेक्षा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लोखंडी कपाटात ठेवा.

तुमच्या बाबतीत मी असं करीन. आधी प्लगइन टाका आणि दोनांपैकी एक ड्रायव्हर काढा. मग रिझोल्यूशन आणि रंगाची सेटिंग बदला. तिन्ही वेळा पुन्हा मोजा. तरी पहिली वेळ जास्त आली तर रॅम आणि एसएसडीचा खर्च करा. प्रिंटरला तोवर हात लावू नका. यूएसबी केबल ५ मीटरपेक्षा लांब नको, आणि ती संगणकाच्या मागच्या पोर्टमध्ये लावा, पुढच्या पोर्टची वायर आतून ढिली असते. दिवाळीपर्यंत १०२० सहज चालेल. दोन्ही संगणकांवरच्या तिन्ही वेळा लिहून पाठवा, आकडे पाहून पुढचं सांगतो.